घर एक, दरवाजे दोन

परवा शनिवारी अंजनेरी करून त्र्यंबककडे निघालो होतो. वाटेत एका पाड्यावर अर्धवट घरकुल दिसलं. विटांच्या भिंती, वर आलेल्या सळया, छताचा पत्ता नाही. शेजारी जुनं कारवीच्या कुडाचं घर. "पुढचा हप्ता यायचाय," बाबा म्हणाले.

गाडीत बसल्यावर टीममधला सीनियर म्हणाला, "मला तर एकरकमी मिळाले!" खरंय. पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागात २०१७ ते मार्च २०२१ या काळात वर्षाला १२ ते १८ लाख कमावणाऱ्यालाही गृहकर्जावर सुमारे २.३० लाखांपर्यंत व्याज-अनुदान होतं, थेट कर्जखात्यात. ग्रामीण भागात २०१६ साली ठरलेली मदत सपाट प्रदेशात १.२० लाख, तीही टप्प्याटप्प्याने. वर हवं असेल तर ७० हजारांपर्यंत बँकेचं कर्ज.

आता हे ७० हजार पाड्यावर मिळणं अवघड का? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

त्र्यंबकेश्वर हा वेगळा तालुका झाला १९९९ मध्ये, पण कर्जाची ओळख फार जुनी. १८४० च्या दशकात राघोजी भांगरे यांनी याच सह्याद्रीच्या पट्ट्यात सावकार आणि इंग्रजांविरुद्ध बंड केलं. २ मे १८४८ ला त्यांना ठाण्यात फाशी दिली. पुढे १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी सरकारी तगाई आली, पण ती मुख्यतः विहीर, बांध, बियाणं, बैल यांच्यासाठी. गरिबाच्या घरासाठी देशपातळीवरची मोठी योजना म्हणजे इंदिरा आवास, तीही थेट १९८५ मध्ये.

सावकारी विळख्यातून जमीन वाचावी म्हणून महाराष्ट्रात आदिवासींची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. १९७४ मध्ये हे नियम आणखी कडक झाले. कायदा योग्यच आहे. पण जी जमीन सहज लिलावात निघत नाही, ती तारण म्हणून बँकेला नको असते. म्हणजे सावकाराला अडवणारं दार बँकेलाही अडवतं. आमच्याकडे सॅलरी स्लिप असते, पाड्यावर ती कुठून आणणार?

कायदा सैल करणं हा उपाय नाही, नाहीतर पुन्हा राघोजींचा काळ. तारणाऐवजी सरकारने हमी द्यावी, एवढं तरी करता येईल. सीनियरच्या व्याजाचा भार उचललाच होता की!

असो. पावसाआधी बाबांचं छत पडो, एवढंच.