पेन्शनीची तारीख



दुसरें महायुद्ध संपल्यावर अमेरिकेंत १९४६ पासून १९६४ पर्यंत बालकांची अशी भरती आली कीं, त्या काळांत जन्मलेल्यांस 'बेबी बूमर' असें नांवच पडलें. आतां तिकडील तरुण या वडीलधाऱ्यांवर रुष्ट आहेत. काम तुम्हांस, घर तुम्हांस, निवृत्तिवेतनही तुम्हांस. आमच्या वांट्याला काय, असा त्यांचा सवाल आहे. हाच तंटा आमच्या वऱ्हाडांत पुष्कळ ओसऱ्यांवर चालूं असतो. मात्र येथें त्याचें मूळ पाळण्यांत शोधूं नये. तें सरकारी कागदांवरील तारखांत आहे.

१९४६ सालीं परतवाड्यांत जन्मलेलें मूल मध्यप्रांत व वऱ्हाडांत जन्मलें, १९५० मध्यें मध्यप्रदेशचें झालें, १९५६ च्या नोव्हेंबरांत मुंबई राज्यांत गेलें आणि १९६० च्या मे महिन्यांत महाराष्ट्राचें झालें. घर न हलवितां चार राज्यें! त्याच्या बापास मात्र निवृत्ति हा शब्द कीर्तनांतच ऐकूं येई. शेतकऱ्याचे हात थांबले म्हणजे काम थांबे. पुढें बाज, ओसरी आणि मुलगा. अचलपूरच्या शेजारचें हें गांव मुळीं लष्करी छावणीमुळें वाढलेलें. पेन्शन हें तेव्हां शिपायाचें आणि कचेरींतील माणसाचें ऐश्वर्य होतें.

पेन्शनीचा एक स्वभाव मराठी माणसानें फार पूर्वींच पाहिला आहे. दुसऱ्या बाजीरावांस १८१८ सालीं वार्षिक आठ लाख रुपये ठरले; १८५१ मध्यें ते बिठूरास वारले आणि कंपनी सरकारनें त्यांचे दत्तक पुत्र नानासाहेब यांस ती नेमणूक नाकारली. वतन पिढीजात, पेन्शन व्यक्तीपुरती. (वतनेंही टिकलीं नाहींत, ती गोष्ट निराळी.)

१ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि खेडोपाडीं त्यांच्या शाळा पसरल्या. मॅट्रिक होऊन अध्यापनाचा अभ्यासक्रम केलेल्यास तेथें जागा मिळे. पुढें मीही त्याच दारानें आंत शिरलों. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी ही म्हण तेव्हां जिवंत होती. कपाशी पिकविणारे माझे सोबती मास्तराच्या पगारास हंसत. त्यांना आधारही होता. १९७२ पासून एकाधिकार योजनेखालीं सरकारच कापूस खरेदी करी. पुढें ती योजना आटोपली. शेत दर पिढीस वांटलें गेलें, बियाण्याचा व औषधांचा खर्च चढला. २००६ मध्यें पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांस विदर्भांत येऊन सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर करावी लागली. अमरावती व अकोला त्या सहांपैकींच. इकडे माझा पगार प्रत्येक वेतन आयोगाबरोबर वाढत गेला, आणि निवृत्तीनंतर शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम, वर महागाईभत्ता. म्हण उलटी झाली. ते सोबती माझ्याहून अधिक राबले, हें मी शपथेवर सांगेन.

आतां माझा मुलगा. तोही शिक्षकच. २००० सालीं राज्यानें शिक्षणसेवक योजना आणली : प्राथमिक शाळेंत पहिलीं तीन वर्षें दरमहा ३,००० रुपये मानधन, मग वेतनश्रेणी. १ नोव्हेंबर २००५ पासून नेमलेल्यांची जुनी पेन्शनही बंद झाली. माझा मुलगा त्या तारखेनंतरचा. त्याच्या पगारांतून दहावा हिस्सा कापला जातो, सरकार आपला वांटा घालतें, आणि पैसा बाजारांत गुंतविला जातो. २०२४ मध्यें सरकारनें हमीचा एक पर्याय जाहीर केला. तोंपर्यंत त्याचें म्हातारपण सर्वस्वीं बाजाराच्या हातीं होतें.

२०२३ च्या मार्चांत जुन्या पेन्शनीसाठीं राज्यभर आठवडाभर संप झाला. मुलगा घरीं होता. एका संध्याकाळीं त्यानें विचारलें, "बाबा, तुमची पेन्शन येते कोठून?"

"माझ्या सेवेंतून," मी म्हणालों.

"तिच्यासाठीं तुमच्या पगारांतून कांहीं कापलें होतें?"

कापलें नव्हतें. भविष्यनिर्वाह निधीचें जें कापलें, तें व्याजासह मला परत मिळालें. पेन्शन राज्याच्या चालू तिजोरींतून जाते, आणि ती तिजोरी आजचे लोक कर देऊन भरतात. त्यांत माझा मुलगा आहे; आणि दुकानांतून साबण घेणारा, पेन्शनीचें नांव नसलेला माझा कपाशीवाला सोबतीही आहे. हें मला त्या दिवसापर्यंत सुचलें नव्हतें, याची लाज वाटली.

सरकारची बाजूही खोटी नाहीं. १९५० च्या सुमारास देशाचें सरासरी आयुर्मान चाळिशीच्या आंत होतें, आज तें सत्तरीच्या घरांत आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षीं मोकळा झालेला मास्तर वीस-पंचवीस वर्षें पेन्शन घेऊं शकतो. पण हा हिशेब एका तारखेच्या अलीकडच्यांस माफ आणि पलीकडच्यांस लागू, हें मला पटत नाहीं. ३१ ऑक्टोबरला नेमलेला आणि १ नोव्हेंबरला नेमलेला एकाच फळ्यावर लिहितात.

हयातीचा दाखला आम्हां पेन्शनरांस नोव्हेंबरांतच द्यावा लागतो. माझे गुडघे आतां साथ देत नाहींत, म्हणून मुलगा अर्धी रजा टाकून मला मोटारसायकलीवर बँकेंत नेतो. मी रांगेंत उभा राहतों. तो बाहेर थांबून मुलांच्या वह्या तपासतो.