सिकलसेल आजार आणि मुलांमधील बोनमॅरो प्रत्यारोपण: पालकांसाठी माहिती

चंद्रपूर-गडचिरोली भागात मुलाचे हातपाय वारंवार दुखत असतील, डोळे पिवळे दिसत असतील आणि रक्त कमी असेल, तर सिकलसेलची तपासणी जरूर करून घ्या. हा आजार गोंड, माडिया, परधान यांसारख्या आदिवासी समाजांत अधिक आढळतो. पण अनुसूचित जाती व इतर मागासवर्गीय कुटुंबांतही तो आहे.

आजार कशामुळे होतो?

रक्तातील लाल पेशी एरवी गोल व लवचीक असतात. या आजारात हिमोग्लोबिन सदोष असल्याने त्या विळ्यासारख्या वाकड्या व कडक होतात, लवकर फुटतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे तीव्र वेदना होतात.

हा दोष आई व वडील दोघांकडून आला तर मूल रुग्ण (एसएस) होते. एकाकडून आला तर ते वाहक (एएस) असते. वाहकाला सहसा त्रास होत नाही. दोघे पालक वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. यात आईचा किंवा कुणाच्या नजरेचा दोष नाही. स्पर्शाने किंवा एकत्र जेवल्याने हा आजार पसरत नाही.

निदान

आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर मूल रुग्ण आहे की वाहक, हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीने कळते. वाहक मुलाला सतत ताप, अंगावर काळेनिळे डाग, नाका-हिरड्यांतून रक्त किंवा गाठी असतील, तर ‘सिकलसेलच असेल’ म्हणून थांबू नका. ही रक्ताच्या कर्करोगाचीही लक्षणे असू शकतात.

रोजचे उपचार

- हायड्रॉक्सियुरिया: वेदनेचे झटके व रक्त देण्याची गरज कमी करते. दुखणे थांबले म्हणून बंद करू नये. ठरावीक काळाने रक्ततपासणी करावी.
- फॉलिक ॲसिड, आणि पाच वर्षांपर्यंत डॉक्टरांच्या सल्ल्याने पेनिसिलिन.
- न्यूमोकोकलसह सर्व लसी.
- भरपूर पाणी; थंडीपासून व अतिश्रमापासून जपणे.
- मच्छरदाणी. वाहकाला मलेरियापासून थोडे संरक्षण असते, पण रुग्ण मुलाला मलेरिया जिवावर बेतू शकतो.

मूल आश्रमशाळेत असेल तर अधीक्षक व शिक्षकांना आजाराची माहिती लेखी द्या आणि रोज गोळी कोण देणार, हे ठरवून घ्या. भामरागडसारख्या भागात पावसाळ्यात रस्ते बंद होतात. औषधांचा साठा आधीच आणून ठेवा.

ताबडतोब रुग्णालयात केव्हा न्यावे?

१०१ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप, छातीत दुखणे, धाप, अचानक पांढरेफटक पडणे, पोटात डावीकडे पाणथरी (प्लीहा) वाढणे, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे. अशा वेळी झाडफुंकीत किंवा घरी वाट पाहण्यात वेळ घालवू नका. काही तासांचा उशीरही महाग पडतो.

बोनमॅरो प्रत्यारोपण

हाडांतील मगज म्हणजे रक्त तयार होण्याची जागा. औषधांनी मुलाचा जुना मगज काढून टाकतात आणि दात्याच्या मूळपेशी शिरेतून देतात, अगदी रक्त चढवतात तसे. भारतात पहिले प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले.

सर्वांत चांगला दाता म्हणजे एचएलए पूर्ण जुळणारे सख्खे भावंड. प्रत्येक भावंड जुळण्याची शक्यता चारात एक असते. वाहक भावंडही दाता होऊ शकते. मगज कमरेच्या हाडातून भूल देऊन घेतात, पाठीच्या कण्यातून नव्हे; दात्याचा मगज काही आठवड्यांत भरून येतो.

जुळणारे भावंड असल्यास बहुसंख्य मुले बरी होतात. वय लहान आणि अवयव शाबूत असताना निकाल अधिक चांगले येतात. तरी जंतुसंसर्ग, दात्याच्या पेशींनी शरीरावर हल्ला करणे, पुढे वंध्यत्व आणि क्वचित मृत्यू, हे धोके आहेत. काही महिने रुग्णालयाजवळ राहावे लागते आणि खर्च लाखांत जातो. म्हणून डॉक्टरांना विचारा: आमच्या मुलाला याची गरज आहे का? दाता जुळतो का? कोणत्या शासकीय योजनेतून मदत मिळेल?

पुढच्या पिढीसाठी

लग्नापूर्वी मुलगा-मुलगी दोघांचीही तपासणी करा. दोघे वाहक असतील, तर गरोदरपण कळताच डॉक्टरांना सांगा. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ पासून सुरू आहे. तपासणीसाठी आशाताईंना किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात भेटा.

ही माहिती डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही.