वकिलाच्या चिठ्ठीपासून एच-इंडेक्सपर्यंत

वैद्यकीय महाविद्यालयातली प्राध्यापकपदाची मुलाखत असो, संशोधनाच्या अनुदानाचा अर्ज असो किंवा ‘जगातल्या अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत आपल्या प्राध्यापकांचा समावेश’ ही वर्तमानपत्रातली बातमी असो, हल्ली संशोधकाची ओळख तीन आकड्यांत उरकली जाते. शोधनिबंध किती, त्यांना सायटेशन (इतरांच्या लेखांतले उल्लेख) किती, एच-इंडेक्स किती? या आकड्यांवर नोकऱ्या ठरतात, बढत्या अडतात, पैसा वाटला जातो. त्यांचं मूळ शोधायला निघालं की वाट जवळजवळ दीडशे वर्षं मागे जाते आणि वकिलांच्या कचेरीत पोहोचते.

ज्या न्यायपद्धतीत जुन्या निकालांचे दाखले देऊन खटला लढवला जातो, तिथे वकिलाला एक धास्ती कायम असते. आपण ज्या निकालावर भिस्त ठेवली, तो वरच्या कोर्टाने कधीच फिरवला असेल तर? नागपूरहून निघणारे ‘एआयआर’ या निकालसंग्रहाचे खंड चाळणाऱ्या आपल्याकडच्या वकिलांनाही ही धास्ती ठाऊक आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ साली तिच्यावर तोडगा काढला. एखाद्या निकालाचा उल्लेख पुढच्या कोणकोणत्या निकालांत आला, याच्या याद्या त्यांनी मागे गोंद लावलेल्या कागदाच्या चिठ्ठ्यांवर छापल्या. वकिलाने चिठ्ठी घ्यायची आणि आपल्याकडच्या खंडात त्या निकालाच्या समासात चिकटवायची. म्हणजे जुना निकाल उघडला की त्याचं पुढे काय झालं ते शेजारीच दिसे.

पुढे चिठ्ठ्यांची जागा जाडजूड छापील खंडांनी घेतली. या खंडांतली एक बारीकशी सोय फार मोलाची होती. नंतरच्या निकालाच्या आकड्याआधी एक छोटं अक्षर असे. पुढच्या कोर्टाने जुना निकाल मान्य केला, तो या खटल्याला लागू नाही असं म्हटलं, की तो रद्दबातल ठरवला, हे त्या एका अक्षरावरून कळे. निकालाचा उल्लेख किती वेळा झाला हा प्रश्न वकिलाला नव्हताच. तो कशासाठी झाला, यावर त्याची केस उभी राहायची किंवा पडायची.

वैद्यकशास्त्रात त्या काळी वेगळं काम चाललं होतं. अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय ग्रंथालयाचे प्रमुख जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ मध्ये ‘इंडेक्स मेडिकस’ सुरू केला. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांतले लेख विषयवार आणि लेखकवार लावलेली ती सूची होती. पटकीवर काय लिहिलं गेलं हे तीत सापडे. पण अमुक डॉक्टरच्या पटकीवरच्या लेखाचं पुढे काय झालं, कुणी तो पडताळला, कुणी खोडला, हे मात्र सापडत नसे.

संदर्भ मोजण्याची कल्पना आली ती ग्रंथपालांच्या अडचणीतून. १९२७ साली ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांपुढे प्रश्न होता, की छोट्या कॉलेजने तुटपुंज्या पैशांत रसायनशास्त्राची कोणती नियतकालिकं घ्यावीत? त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नलचा १९२६चा खंड घेतला, त्यातल्या लेखांखालचे संदर्भ मोजले आणि ज्या नियतकालिकांचे उल्लेख जास्त, ती आधी घ्यावीत असं सुचवलं. खरेदीच्या यादीपुरता तो हिशोब चोख होता. माणसं मोजण्याचा विचारही त्यात नव्हता.

वकिलांची माग काढण्याची रीत आणि शास्त्रीय लेखांची सूची हे दोन प्रवाह एकत्र आणले यूजीन गारफील्ड यांनी. न्यूयॉर्कमध्ये वाढलेले, रसायनशास्त्र शिकलेले गारफील्ड १९५१ ते १९५३ या काळात जॉन्स हॉपकिन्सच्या वेल्च वैद्यकीय ग्रंथालयात सूचीकरणाच्या प्रकल्पावर काम करत होते. यंत्राच्या मदतीने वैद्यकीय लेखांची सूची करता येईल का, हा त्या प्रकल्पाचा विषय. त्याची बातमी वाचून १९५३ मध्ये विल्यम अडेर या गृहस्थांनी त्यांना पत्र पाठवलं. अडेर हे शेपर्डच्या कंपनीचे माजी उपाध्यक्ष. वकील ज्या रीतीने निकालांचा माग काढतात, त्याच रीतीने शास्त्रज्ञांनाही लेखांचा माग काढता येईल, असं त्यांनी सुचवलं. गारफील्ड यांना हवी असलेली किल्ली त्या पत्रात सापडली.

१९५५च्या जुलैमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा लेख आला. त्यात त्यांनी आपला हेतू स्वच्छ मांडला आहे. फसव्या, अपुऱ्या किंवा कालबाह्य माहितीचे दाखले डोळे झाकून दिले जाऊ नयेत आणि जुन्या लेखावर नंतर झालेली टीका अभ्यासकाला वेळीच कळावी, हा तो हेतू. म्हणजे वकिलाचीच धास्ती, फक्त आता ती शास्त्रज्ञाच्या वतीने मांडलेली.

मग जनुकशास्त्रातले नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी या कल्पनेत रस घेतला, सरकारी संस्थांचा पैसा मिळाला आणि १९६० मध्ये फिलाडेल्फियात गारफील्ड यांची इन्स्टिट्यूट फॉर सायंटिफिक इन्फर्मेशन उभी राहिली. ६१३ नियतकालिकांच्या १९६१च्या अंकांतले सुमारे १४ लाख संदर्भ कार्डांवर आणि फितींवर उतरवून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ १९६३ मध्ये तयार झाला. बारीक टायपातले त्याचे खंड उघडायचे, जुन्या लेखकाचं नाव शोधायचं आणि त्याच्या लेखाखाली पुढे कुणी-कुणी त्याचा संदर्भ घेतला ते वाचायचं. तोवर संशोधक फक्त मागे पाहू शकत होता. आता त्याला एखाद्या लेखापासून पुढेही पाहता येऊ लागलं.

या प्रवासात एक गोष्ट मात्र मागे राहिली : शेपर्डच्या खंडांतलं ते छोटं अक्षर. कोर्टाचे निकाल जाणकार संपादक वाचत आणि अक्षर घालत. १४ लाख संदर्भांपैकी प्रत्येक वाचून तो शाबासकीचा आहे की खंडनाचा, हे ठरवणं कुणाच्याही आवाक्यात नव्हतं. त्यामुळे सूचीत उल्लेख उरला, उल्लेखाचं कारण गळालं. माझ्या मते पुढचा सगळा घोळ या गळतीतून सुरू होतो.

वैद्यकशास्त्रात हा घोळ किती महाग पडतो, याचं एक उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. १९८०च्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जेन पोर्टर आणि हर्शल जिक यांचं एक पत्र छापून आलं. पत्र कसलं, पाच वाक्यांचा एकच परिच्छेद. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य वेदनाशामकं मिळालेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, त्यांत आधी व्यसन नसलेल्यांपैकी चौघांनाच व्यसन लागल्याचं दिसलं, असा त्याचा मजकूर. हे रुग्ण रुग्णालयातले होते, डॉक्टर-नर्सच्या नजरेखाली होते. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. पण १९९०च्या दशकात ऑक्सिकॉन्टिन हे अफूजन्य वेदनाशामक बाजारात आलं आणि या पत्राचे दाखले धडाधड दिले जाऊ लागले. २०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी या पत्राचा संदर्भ घेणारं सगळं लिखाण एकेक करून वाचलं. एकूण संदर्भ ६०८ निघाले. त्यांपैकी ७२ टक्के लेखांनी व्यसन क्वचितच लागतं याचा पुरावा म्हणून पत्र वापरलं होतं आणि ८१ टक्के लेखांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते एवढंही सांगितलं नव्हतं. अमेरिकेत वेदनाशामकांच्या व्यसनाने माणसं मरत होती आणि इकडे पत्राच्या सायटेशनची संख्या वाढत होती. त्याच वर्षी नियतकालिकाने संकेतस्थळावर त्या पत्राला इशाऱ्याची टीप जोडली. गारफील्ड यांना जे टाळायचं होतं, नेमकं तेच इथे घडलं.

याच्या उलटही होतं. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा १९९८चा निबंध ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला. त्याचे उल्लेख आजही प्रचंड आहेत आणि त्यांतले बहुसंख्य त्याला खोडण्यासाठी केलेले आहेत. मोजणीत मात्र खंडनही एक आणि शाबासकीही एकच.

आता आकड्यांच्या वंशावळीकडे वळू. आपल्या सूचीत कोणती नियतकालिकं घ्यावीत हे ठरवण्यासाठी गारफील्ड आणि त्यांचे सहकारी अर्विंग शेर यांनी १९६०च्या दशकात ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ वापरात आणला. हिशोब साधा आहे. गेल्या दोन वर्षांत नियतकालिकाने २०० लेख छापले आणि त्यांना यंदा ६०० उल्लेख मिळाले, तर इम्पॅक्ट फॅक्टर ३. १९७५ पासून त्याच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या आणि नियतकालिकाचा आकडा हळूहळू लेखकाच्या खात्यावर जमा होऊ लागला. नॉर्वेचे पेर सेग्लेन यांनी १९९७ मध्ये ‘बीएमजे’त यातली खोट दाखवली. त्यांनी तपासलेल्या नियतकालिकांत जेमतेम १५ टक्के लेखांनी निम्मे उल्लेख मिळवले होते. म्हणजे मोजक्या लेखांच्या पुण्याईवर बाकीचे लेख मिरवत होते.

२००५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी थेट माणसासाठी आकडा काढला, तो एच-इंडेक्स. संशोधकाचे निबंध उल्लेखांच्या उतरत्या क्रमाने लावायचे. समजा, उल्लेख ३०, १८, ९, ६, ५ आणि २ आहेत. पाचव्या क्रमांकाच्या निबंधाला निदान ५ उल्लेख आहेत, सहाव्याला ६ नाहीत, म्हणून एच-इंडेक्स ५. एकच निबंध लिहून त्याला चार हजार उल्लेख मिळवणाऱ्याचा एच-इंडेक्स मात्र १. मोठ्या विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या कायम नेमणुकीसाठी १२ आणि पूर्ण प्राध्यापकपदासाठी १८च्या आसपास, असे अंदाजही हिर्श यांनी दिले. ते भौतिकशास्त्रापुरते होते, पण आकडा सगळीकडे गेला. २०२० मध्ये हिर्श यांनीच लिहिलं, की या आकड्याचे अनपेक्षित आणि गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात.

भारतात ही मोजणी नियमांत शिरली. विद्यापीठ अनुदान आयोगाने बढतीसाठी निबंधांना गुण लावले. मेडिकल कौन्सिलने वैद्यकीय अध्यापकांच्या बढतीला निबंधांची अट घातली आणि २०१५ मध्ये पहिल्या दोन लेखकांनाच श्रेय मिळेल असं ठरवलं. मागणी वाढली तशी पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं उगवली. २०१८ मध्ये आयोगाला आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिकं एका फटक्यात काढावी लागली. त्यानंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ‘केअर’ यादीचं काम सुरू झालं. २०२५ मध्ये तीही यादी आयोगाने बंद केली.

आणखी एक गोष्ट आकड्यात मावत नाही. उल्लेख किती मिळतील हे त्या क्षेत्रात किती संशोधक आहेत यावर अवलंबून असतं. महाडजवळच्या बिरवाडी आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाचा दंश झालेले रुग्ण रात्र-रात्र जागून पाहिले. दंशात हृदयाला धोका असल्याच्या पूर्वखुणा त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवल्या आणि १९८६ मध्ये रक्तदाबावरच्या प्राझोसिन या स्वस्त गोळीचा उपयोग मांडला. कोकणातल्या शेतात आणि घराच्या कौलांत राहणाऱ्या विंचवावर बोस्टनमध्ये किंवा बर्लिनमध्ये किती जण काम करणार? या संशोधनाचा लाभ घेणारा शेतमजूर निबंध लिहीत नाही. तो जगतो, पण त्याच्या जगण्याचं सायटेशन होत नाही.

दुसरं टोकही आहे. इतिहासात सर्वाधिक उल्लेख मिळवणारा निबंध म्हणजे प्रथिनं मोजण्याची पद्धत सांगणारा ऑलिव्हर लाउरी यांचा १९५१चा निबंध. त्याचे उल्लेख तीन लाखांच्या वर आहेत. डीएनएच्या दुहेरी गोफाचा १९५३चा निबंध मात्र २०१४च्या गणनेत पहिल्या शंभरातही नव्हता. लाउरींची पद्धत रोज लागते, म्हणून उल्लेख रोज होतो. यावरून दोघांत थोर कोण हे ठरत नाही.

२०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादकांनी आणि प्रकाशकांनी जाहीरनामा तयार केला, की माणसाची पारख करताना नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नका. जगभरच्या हजारो संस्थांनी आणि संशोधकांनी त्यावर सह्या केल्या. सह्या करणं सोपं आहे, निबंध वाचणं कष्टाचं आहे. पण गळालेलं ते अक्षर परत आणायचं असेल, तर वाचण्यावाचून गत्यंतर नाही. निवड समितीवर बसणाऱ्यांना म्हणूनच एक कळकळीची विनंती आहे. उमेदवाराकडून त्याचे त्याला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे तीन निबंध मागवा, ते मुलाखतीआधी वाचा आणि त्यांचा संदर्भ घेणारे दोन-तीन लेख उघडून तिथे नेमकं काय म्हटलंय ते पाहा. आकडा त्यानंतर विचारा.