चार धोके आणि एक नोंदणी क्रमांक

डिसेंबर १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका छोट्या कंपनीने अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाकडे, म्हणजे एफसीसीकडे तक्रार नोंदवली. तक्रार होती एका वाटीबद्दल. फोनच्या बोलायच्या टोकावर ही वाटी बसवली की बोलणाऱ्याचा आवाज तिच्यातच राहायचा. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला तो ऐकू जायचा नाही आणि कचेरीतला गोंगाटही फोनमध्ये शिरायचा नाही. तिचं नाव हश-ए-फोन. आत तार नाही, वीज नाही, फिरणारा भाग नाही. तरीही टेलिफोन कंपनीच्या लेखी ती बेकायदा होती.

कारण तेव्हाच्या अमेरिकेत फोन घेणाऱ्याच्या मालकीचा नसे. एटी अँड टी ही कंपनी लाइन देई, फोनही भाड्याने देई आणि तो फोन बनवणारा कारखानाही तिच्याच घरातला, वेस्टर्न इलेक्ट्रिक. आयोगाकडे दाखल केलेल्या तिच्या दरपत्रकात एक कलम होतं : कंपनीने न दिलेली कोणतीही वस्तू, यंत्र किंवा तार फोनला जोडायची नाही. वस्तू चांगली की वाईट, हा प्रश्नच त्या कलमात नव्हता. ती कोणी दिली, एवढंच पाहिलं जाई.

हश-ए-फोनचे प्रमुख हॅरी टटल यांनी या कलमाशी आठ वर्षं झुंज दिली. त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला ध्वनिशास्त्रज्ञ लिओ बेरानेक आले, आणि संगणकांच्या जाळ्याची कल्पना पुढे ज्यांनी मांडली ते जे. सी. आर. लिकलायडरही आले. तोवर सव्वा लाखाच्या आसपास वाट्या विकल्या गेल्या होत्या. तरी आयोगाने १९५५ मध्ये टटल यांच्या विरुद्ध निकाल दिला. वाटीमुळे आवाजाचा दर्जा घसरतो, असं कारण दिलं. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने हा निकाल फिरवला. तोंडाशी हात धरून बोललं तरी हाच परिणाम होतो, आणि तसं बोलायला कोणाची बंदी नाही, हे न्यायालयाने दाखवून दिलं. ग्राहकाच्या सोयीचा आणि बाकी कोणाला अपाय न करणारा वापर अडवता येणार नाही, असा दंडक त्यातून पडला.

उपकरण अपाय करतं का? दूरसंचार उपकरणांच्या प्रमाणनाचं मूळ या एका प्रश्नात आहे. पण न्यायालयाने प्रश्न विचारला, तो तपासायचा कसा हे सांगितलं नाही. एटी अँड टीने निकालाचा अर्थ अगदी चिंचोळा लावला आणि विजेच्या जोडणीवरची बंदी तशीच ठेवली.

या बंदीची झळ कोणाला लागत होती, हे रॉबर्ट वाइटब्रेख्त यांच्याकडे पाहिलं की कळतं. ते भौतिकशास्त्रज्ञ होते आणि जन्मापासून कर्णबधिर. दोन कर्णबधिर माणसांनी टेलिप्रिंटरवर टाइप करून फोनवरून गप्पा माराव्यात, अशी त्यांची कल्पना होती. पण टेलिप्रिंटर लाइनला जोडायची परवानगी नव्हती. मग १९६४ च्या सुमारास त्यांनी बंदीला वळसा घातला. त्यांचं यंत्र अक्षरांचे सूर करी आणि ते सूर रिसीव्हरला नुसते ऐकवी. तार कुठेच जोडलेली नसे. कर्णबधिर दंतवैद्य जेम्स मार्स्टर्स यांच्याशी त्यांनी याच यंत्रावर टाइप करून फोनवर संवाद साधला. जे काम दोन तारा जोडून झालं असतं, त्यासाठी ऐकू न येणाऱ्या माणसांना आवाजाचा आधार घ्यावा लागला.

टेक्सासच्या थॉमस कार्टर यांचीही युक्ती हीच होती. तेलविहिरींवर आणि दूरदूरच्या कुरणांवर काम करणाऱ्यांकडे वायरलेस असे, पण तिथून फोनवरच्या माणसाशी बोलता येत नसे. कार्टर यांनी रिसीव्हर ठेवायला एक खाचेची बैठक बनवली. फोनवरचा माणूस बोलू लागला की आतलं सर्किट आपोआप वायरलेसचा प्रक्षेपक चालू करी. तो थांबला की वायरलेस पुन्हा ऐकण्याच्या स्थितीत येई. मधल्या केंद्रावरच्या माणसाला वेगळ्या स्पीकरवर संभाषण ऐकून आवाज कमीजास्त करता येई. १९५९ ते १९६६ या काळात असे सुमारे साडेतीन हजार कार्टरफोन विकले गेले. हे यंत्र वापराल तर कारवाई होईल, असं टेलिफोन कंपन्या ग्राहकांना बजावू लागल्या, तेव्हा कार्टर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली कोर्टात गेले. कोर्टाने प्रश्न एफसीसीकडे पाठवला.

जून १९६८ मध्ये आयोगाने निकाल दिला : कार्टरफोनमुळे टेलिफोन यंत्रणेला अपाय झाल्याचं दिसत नाही, बंदीचं कलम अवाजवी आहे, भेदभावाचं आहे, आणि ते आधीपासूनच बेकायदा होतं. अपाय करणारी उपकरणं रोखणारे वाजवी नियम मात्र कंपन्यांनी जरूर करावेत.

कंपनीने ते केले, आपल्या पद्धतीने. १९६९ पासून परकं उपकरण जोडायची मुभा मिळाली, पण मध्ये कंपनीचाच एक संरक्षक डबा हवा आणि त्याचं भाडं दरमहा भरायचं. कंपनीच्या स्वतःच्या उपकरणांना तसल्या डब्याची गरज नव्हती. म्हणजे कोणी दिलं, हाच निकष वेगळ्या रूपात परत आला.

इथे गोष्टीला वळण दिलं ते अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने. आयोगाच्या विनंतीवरून तिने १९७० मध्ये अहवाल दिला आणि 'अपाय' या मोघम शब्दाची चार भागांत फोड केली. पहिला धोका व्होल्टेजचा : उपकरणातली घरगुती वीज लाइनमध्ये उतरली तर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. दुसरा, सिग्नलच्या जादा ताकदीचा : एकाचा आवाज दुसऱ्याच्या तारेत घुसेल. तिसरा असमतोलाचा. फोनच्या जोडीतल्या दोन्ही तारा जमिनीच्या संदर्भात सारख्या असाव्या लागतात. तो तोल गेला की लाइनवर गुणगुण सुरू होते. चौथा चुकीच्या इशाऱ्यांचा : फोन उचलल्याचा, ठेवल्याचा, नंबर फिरवल्याचा इशारा बिघडला तर कॉल भलतीकडे जातो आणि बिलही चुकतं.

धोके खरे आहेत, असं अहवालाने स्पष्ट म्हटलं. कंपनीची भीती अगदीच निराधार नव्हती. पण उपाय दोन सांगितले : एक तर संरक्षक डबा, नाही तर ठरलेली मानकं आणि त्यांनुसार सक्तीचं प्रमाणन. या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं पान हेच. धोक्याला मोजमाप मिळालं आणि मोजमापापुढे बनवणाऱ्याचं नाव गौण ठरलं.

१९७५ मध्ये आयोगाने दुसरा उपाय निवडला. 'पार्ट ६८' हे नियम आले : उपकरण कसोट्यांना उतरलं की आयोगाकडे नोंदवायचं, आणि मग ते थेट लाइनला जोडायचं. भाड्याचं उत्पन्न गेलं तर स्थानिक फोनचे दर वाढतील, अशी भीती घालत टेलिफोन कंपन्या आणि राज्यांचे नियामक पुन्हा कोर्टात गेले. ऑक्टोबर १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं अपील दाखल करून घेतलं नाही, आणि नोंदणी लागू झाली.

त्या कसोट्या घरातल्या रोजच्या वापराकडे पाहून बेतल्या होत्या. हातात धरायचं उपकरण दीड मीटर उंचीवरून, वेडंवाकडं, १८ वेळा कठीण फरशीवर टाकायचं. विजांच्या गडगडाटात तारेत येतो तसा ८०० व्होल्टचा झटका त्याला द्यायचा. एवढं सोसूनही ते लाइनला अपाय करता कामा नये. ते स्वतः बंद पडलं तर चालेल. लाइन सुरक्षित राहिली पाहिजे. पास झालेल्या फोनच्या तळाशी नोंदणी क्रमांक येई आणि त्याशेजारी घंटीचा भार सांगणारा एक आकडा. एका लाइनवरच्या सगळ्या फोनच्या या आकड्यांची बेरीज साधारण पाचच्या वर गेली, तर घंटी नीट वाजेलच याची खात्री नसे. फोनच्या तारेचं टोक भिंतीत खटकन बसवतो, तो 'आरजे ११' जॅकही याच नोंदणीतून प्रमाण झाला.

त्यानंतर दुकानात फोन विकत मिळू लागला. उत्तर नोंदवणारी यंत्रं, फॅक्स, मोडेम यांना रस्ता मोकळा झाला. १९७९ च्या सुमारास हेज कंपनीने ॲपल २ साठी काढलेल्या मोडेमसोबत एक वेगळी डबी येई. लाइनला जोडला जाणारा भाग तिच्यात होता आणि नोंदणी त्या डबीची होती. घरबसल्या संगणक फोन लाइनवर आणणाऱ्या पहिल्या पिढीसाठी तो नोंदणी क्रमांक म्हणजे खुलं दार होतं. २००० मध्ये आयोगाने रोजच्या नोंदणीचं काम सोडून दिलं आणि मानकांचा सांभाळ उद्योगाने चालवलेल्या परिषदेकडे सोपवला.

भारतातही फोन बराच काळ सरकारी खात्याचा होता. तो बंगळुरूच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमधून येई. १९८४ मध्ये फोनसंच बनवण्याचं क्षेत्र खाजगी कारखान्यांना खुलं झालं आणि तपासणीचा प्रश्न इथेही उभा राहिला. १९९१ मध्ये दिल्लीत टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग सेंटर उभं राहिलं. उपकरणांची मानकं आणि मंजुरी हे त्याचं काम. सक्ती मात्र २०१७ च्या नियमांनी आली आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. आता ठरावीक उपकरणं विकण्याआधी किंवा आयात करण्याआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे अहवाल आणि या सेंटरचं प्रमाणपत्र लागतं. परदेशी उत्पादकाला त्यासाठी भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो.

छोट्या उत्पादकाला ही कागदपत्रं जड जातात, आणि ती तक्रार कानाआड करण्यासारखी नाही. प्रयोगशाळेतला प्रत्येक दिवस त्याच्या खिशातून जातो. पण टटल आणि कार्टर यांना तर परीक्षेला बसायचीही सोय नव्हती.

१९७० च्या यादीतले चारही धोके विजेचे होते. आजच्या भारतीय कसोट्यांत विद्युत सुरक्षा आणि विद्युतचुंबकीय हस्तक्षेप यांच्या जोडीला आणखी एक रकाना आहे : उपकरणातल्या सॉफ्टवेअरमधून कोणाला आत शिरता येतं का. राउटर पडला, झटका बसला, तरी टिकला, एवढ्यावर तो पास होत नाही. या नव्या धोक्याची मोजमापं बंगळुरूतलं नॅशनल सेंटर फॉर कम्युनिकेशन सिक्युरिटी ठरवतं.