दायमाबादची ताम्रशिल्पे आणि आर्सेनिकचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
इतिहासाच्या कालगणनेत खनिजशास्त्राचा आधार क्वचितच घेतला जातो. परंतु महाराष्ट्राच्या ताम्रपाषाणयुगातील एक महत्त्वाचा वाद तांब्यातील आर्सेनिकच्या अंशावर उभा आहे. आर्सेनिकच्या प्रमाणावरून शिल्पांचा काळ ठरविणे कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शिल्पांचा शोध :
प्रवरा नदीकाठचे दायमाबाद हे स्थळ (तत्कालीन अहमदनगर, आजचा अहिल्यानगर जिल्हा) १९५८ मध्ये बी. पी. बोपर्डीकर यांनी शोधले. १९७४ मध्ये तेथे एका स्थानिक शेतकऱ्यास चार धातुशिल्पे सापडली : बैलजोडी जुंपलेला रथ व त्याचा सारथी, हत्ती, गेंडा आणि म्हैस. रथाची लांबी सुमारे ४५ सें.मी. आहे. ही शिल्पे शास्त्रीय उत्खननातील थरातून मिळालेली नाहीत. वादाचे मूळ येथेच आहे. एस. ए. साळी यांनी पुढे केलेल्या उत्खननात सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा व जोर्वे असा सांस्कृतिक क्रम स्पष्ट झाला. साळी, एम. एन. देशपांडे, एस. आर. राव आदी अभ्यासकांनी ही शिल्पे उत्तर हडप्पाकालीन मानली. डी. पी. अग्रवाल यांनी मात्र त्यांत एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक असून अन्य ताम्रपाषाणीय वस्तूंत असे मिश्रण आढळत नाही, या कारणास्तव ती ऐतिहासिक काळातील असावीत, असे मत मांडले.

खनिज ते धातू :
तांब्यात आर्सेनिक येते कोठून? तांबे व आर्सेनिक यांची गंधकयुक्त खनिजे हवा-पाण्याच्या संपर्कात आली की साठ्याच्या वरच्या भागात हिरवी आर्सेनेट खनिजे तयार होतात. तांबे व लोह यांचे आर्सेनेट असलेले चेनेविक्साइट हे त्यांपैकी एक दुर्मीळ खनिज होय. इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथील या खनिजास १८६६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड चेनेविक्स यांचे नाव देण्यात आले. त्यातील लोहाची जागा ॲल्युमिनियमने घेतली की ल्यूथाइट होते. अशी खनिजे मॅलाकाइटप्रमाणेच हिरवी दिसतात. त्यामुळे केवळ रंगावरून धातुक वेचणाऱ्या कारागिराच्या भट्टीत आर्सेनिक नकळतही जाऊ शकते. ते अल्प प्रमाणात असल्यास तांबे अधिक कठीण होते व ओतकामास सोयीचे ठरते. हवेत वारंवार वितळविल्यास ते विषारी धुराच्या रूपाने उडून जाते.

विवेचन :
यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. आर्सेनिकचे प्रमाण धातुकाचा साठा, भट्टी आणि पुनर्वापर यांवर अवलंबून असते. काळावर थेट नव्हे. शिवाय मोहेंजोदडो येथील काही वस्तूंतही आर्सेनिक आढळले आहे. म्हणून अग्रवाल यांचा आक्षेप महत्त्वाचा असला, तरी तो एकटा निर्णायक ठरत नाही. मात्र आर्सेनिक आहे म्हणून ही शिल्पे हडप्पाकालीनच, असेही सिद्ध होत नाही.

निष्कर्ष :
हडप्पा संस्कृतीचा गोदावरी-प्रवरा खोऱ्यातील प्रभाव किती होता, हा प्रश्न या शिल्पांशी निगडित आहे. त्याचे उत्तर शोधताना धातूचे पृथक्करण व खनिजसाठ्यांचा अभ्यास यांची सांगड घालणे आवश्यक आहे. विदर्भासही हे लागू पडते. माहूरझरी (जि. नागपूर) येथील महापाषाणीय दफनांत तांब्याची अश्वाभूषणे मिळाली आहेत, तर चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना येथे तांब्याचे खनिज आहे. या दोहोंचा संबंध गृहीत धरता येणार नाही. तो तपासावा लागेल. त्यासाठी महाविद्यालयांतील इतिहास, रसायनशास्त्र व भूशास्त्र विभागांनी एकत्र येणे अगत्याचे आहे.