टेलविंडच्या कॉन्फिग फाइलीची कुळकथा

सप्टेंबर २०२० मध्ये लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कची आठवी आवृत्ती आली. आपली जुनी ॲप्लिकेशन्स तिच्यावर नेणाऱ्या अनेकांना याद्यांच्या तळाशी भलतंच काही दिसलं. ‘मागचं पान’, ‘पुढचं पान’ दाखवणारे इवलेसे बाण फुगून पडदाभर पसरले होते. लाराव्हेलने पानांचे दुवे आता बूटस्ट्रॅपऐवजी टेलविंड या सीएसएस फ्रेमवर्कच्या क्लासांत लिहायला घेतले होते. बाणावर ‘डब्ल्यू-५’ आणि ‘एच-५’ असे दोन क्लास होते; म्हणजे रुंदी आणि उंची नेहमीच्या मापात २० पिक्सेल. पण ॲप्लिकेशनमध्ये टेलविंडच बसवलेलं नसेल, तर त्या क्लासांना अर्थ देणारं कुणी उरत नाही आणि चित्र मिळेल तेवढी जागा व्यापतं. ‘बूटस्ट्रॅप वापर’ असं सांगणारी एक ओळ सर्व्हिस प्रोव्हायडरमध्ये टाकली की बाण पुन्हा जाग्यावर येत.

एका क्लासने एकच काम करायचं, रुंदीचा वेगळा, रंगाचा वेगळा, समासाचा वेगळा, ही रीत तेव्हा बऱ्याच जणांना पाखंडी वाटत होती. त्यांची शिकवण वेगळी होती. डेव्ह शे यांनी २००३ मध्ये ‘सीएसएस झेन गार्डन’ उभं केलं. तिथे एचटीएमएल एकच, त्याला धक्काही लावायचा नाही; फक्त स्टाइलशीट बदलून त्याच पानाची शेकडो रूपं करायची. मजकूर एचटीएमएलमध्ये, रूप सीएसएसमध्ये, हा धडा एका पिढीने तिथे गिरवला.

मोठ्या साइट चालवणाऱ्यांना मात्र तो धडा महाग पडू लागला. नवं पान आलं की नवे क्लास येत, जुने काढायचं धाडस कुणी करत नसे आणि स्टाइलशीट फुगतच जाई. याहूमध्ये काम करणारे थिएरी कोब्लेंत्झ यांनी २०१३ मध्ये एका लेखात उघडपणे उलटी बाजू मांडली आणि अ‍ॅटॉमिक सीएसएसचा पुरस्कार केला. पाठोपाठ अ‍ॅडम मोर्स यांचं ‘टॅकिऑन्स’ आलं. म्हणजे एक काम करणारे छोटे क्लास टेलविंडच्या आधीच होते, चांगले वापरातही होते.

टेलविंडचे कर्ते अ‍ॅडम वॉथन कॅनडातल्या ओंटारिओचे, लाराव्हेलच्या वर्तुळातले. बूटस्ट्रॅपने चौथ्या आवृत्तीत सीएसएस लिहिण्यासाठीची लेस ही भाषा सोडून सास ही दुसरी धरली. वॉथन यांना लेसच आवडायचं, म्हणून ते स्वतःच्याच स्टाइल लिहू लागले. ती फाइल एका प्रकल्पातून दुसऱ्या प्रकल्पात त्यांच्याबरोबर फिरत राहिली. २०१७ मध्ये ते ‘काइटटेल’ नावाचं ॲप्लिकेशन थेट प्रक्षेपण करत बांधत होते, तर बघणारे ॲप्लिकेशन सोडून त्या सीएसएसबद्दलच विचारू लागले. जोनाथन रेनिंक, डेव्हिड हेमफिल आणि डिझायनर स्टीव्ह शोगर यांच्या साथीने त्याच वर्षी टेलविंडची पहिली आवृत्ती बाहेर पडली.

तिच्यात खरं नवं काय होतं, तर कॉन्फिग फाइल. आधीच्या संचांत रंग आणि मापं बहुतांशी कर्त्याने ठरवलेली असत. इथे ‘इनिट’ आज्ञा दिली की रंग, अंतरं, अक्षरांचे आकार, पडद्यांच्या रुंदी अशी सगळी यादी एका जावास्क्रिप्ट फाइलीत तुमच्या प्रकल्पात येऊन पडे. निळ्याच्या ‘ब्लू-लायटेस्ट’पासून ‘ब्लू-डार्केस्ट’पर्यंतच्या छटा त्यात होत्या. नको त्या खोडायच्या, हव्या त्या लिहायच्या, आणि क्लास त्यावरून तयार होत. कुठल्याही साइटचं रूप काही मोजक्या निवडींवर उभं असतं. त्या निवडी इथे एका जागी, नावानिशी, टीममधल्या सगळ्यांना वाचता येतील अशा आल्या. मे २०१९ मधल्या पहिल्या पक्क्या आवृत्तीत ही फाइल जवळजवळ रिकामी झाली: मूळ यादी टेलविंडकडे, तुम्ही फक्त फरक लिहायचा.

या सोयीची किंमतही होती. प्रत्येक निवडीचे, प्रत्येक पडद्यासाठीचे क्लास आधीच बनवून ठेवायचे म्हटल्यावर सीएसएस काही मेगाबाइटांवर जाई. मग न वापरलेले क्लास गाळणं आलं आणि त्यासाठी कॉन्फिगमध्ये सांगावं लागे की पानं कुठल्या फोल्डरमध्ये आहेत. इथे टेलविंड पहिल्यांदा वेब फ्रेमवर्कच्या घरात शिरलं, कारण प्रत्येक फ्रेमवर्कची मांडणी निराळी. रूबीच्या रेल्स फ्रेमवर्कच्या तयार यादीत व्ह्यूज, हेल्पर्स आणि जावास्क्रिप्टचे फोल्डर होते. कुणी ‘ॲप/कंपोनंट्स’ असा नवा फोल्डर काढला आणि यादीत घालायला विसरला, की फक्त तिथेच वापरलेले क्लास अंतिम सीएसएसमध्ये यायचेच नाहीत. ‘टेक्स्ट-’ला रंगाचं नाव कोडमध्ये जोडून क्लास बनवणाऱ्यांचीही हीच गत होते. टेलविंड कोड चालवून बघत नाही, फाइलीतली अक्षरं वाचतं. पूर्ण नाव सलग लिहिलेलं नसेल तर त्याला ते सापडत नाही.

मार्च २०२१ मध्ये उलटा मार्ग निघाला: आधी सगळं बनवून गाळण्याऐवजी जे दिसेल तेवढंच बनवायचं. डिसेंबरमधल्या तिसऱ्या आवृत्तीत तोच नियम झाला. त्याच महिन्यात टेलविंडची नोडविना चालणारी एकसंध फाइल आली, आणि रेल्स ७ सुद्धा. ‘रेल्स न्यू’ला टेलविंडचा पर्याय जोडला की फोल्डरांची यादी, स्टाइलशीट, डेव्हलपमेंटमध्ये लक्ष ठेवणारी प्रक्रिया, सगळं बसवून मिळू लागलं. एलिक्झरच्या फिनिक्स फ्रेमवर्कने २०२३ मध्ये १.७ आवृत्तीत टेलविंड मुळातच आणलं.

जानेवारी २०२५ च्या चौथ्या आवृत्तीत जावास्क्रिप्टची ती फाइल ऐच्छिक झाली. फोल्डर टेलविंड स्वतः शोधतं, गिटने वगळलेले सोडून. निवडी आता सीएसएसमध्येच ‘थीम’ नावाच्या कंसात लिहायच्या, आणि त्या ब्राउझरला कळणाऱ्या सीएसएस व्हेरिएबल होतात.

मराठी साइट बांधणाऱ्याला या कंसाचा उपयोग लगेच होतो. ‘टेक्स्ट-५एक्सएल’ आणि त्याहून मोठ्या मथळ्यांना टेलविंड ओळींची उंची अक्षराएवढीच देतं: ४८ पिक्सेलचं अक्षर, ४८ पिक्सेलची ओळ. रोमन लिपीत ते ठसठशीत दिसतं. देवनागरीत मथळा दोन ओळींचा झाला की वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांना आणि मात्रांना भिडतात. प्रत्येक मथळ्यावर वेगळा क्लास लावत बसण्यापेक्षा थीममध्ये त्या आकाराची ओळ-उंची १ ऐवजी १.४ लिहावी, त्या आकाराचे सगळे मथळे एकदम सुटसुटीत होतात.