घरी कासव आणलंय? मग आधी तो काचेचा बाऊल बाजूला ठेवा

कुणीतरी वाढदिवसाला गिफ्ट दिलं, किंवा अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात पोरांनी हट्ट धरला आणि दोन इंचांचं हिरवंगार पिल्लू घरी आलं. दुकानदाराने सोबत काचेचा बाऊल, रंगीत खडे आणि वाळवलेल्या कोळंबीची डबी दिली. "याचं काही करायला लागत नाही, फक्त पाणी बदला," असंही सांगितलं. नाव ठरलं, रील पडलं. काही महिन्यांनी पिल्लाचे डोळे सुजतात, खाणं बंद होतं आणि मग आपण गुगल करायला बसतो.

कासव चिवट असतं. त्यामुळे ते एका दिवसात मरत नाही, महिनोन्महिने झिजत राहतं आणि आपल्याला वाटतं की सगळं ठीक चाललंय. घोळ इथेच होतो.

सगळ्यात आधी तुमच्याकडे नेमकं कोणतं कासव आहे ते बघा. मराठीत जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या, दोन्ही प्राण्यांना आपण 'कासव'च म्हणतो, पण दोघांचं जगणं पूर्ण वेगळं आहे. हत्तीसारखे जाड, खांबासारखे पाय आणि घुमटासारखी पाठ असेल तर ते जमिनीवरचं. त्याला पाण्याच्या टाकीत सोडलं तर बुडून मरेल. बोटांमध्ये पडदे आणि चपटी पाठ असेल तर ते पाण्यातलं.

आता कायद्याचं बघू. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव किंवा आपल्या तळ्यांत दिसणारं मऊ पाठीचं कासव घरात ठेवणं हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर ही दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्यासाठी किमान ३ वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. वास्तूसाठी, लक्ष्मी येते म्हणून वगैरे कारणं तिथे चालत नाहीत. (देवळात गाभाऱ्यासमोर असतं ते दगडाचं किंवा धातूचं कासव. घरात हवंच असेल तर तसलं आणा, त्याला खायलाही लागत नाही.) असं जिवंत कासव तुमच्याकडे आलं असेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. स्वतः नदीत नेऊन सोडू नका.

दुकानात उघडपणे दिसतं ते बहुतेक वेळा 'रेड इअर्ड स्लायडर', म्हणजे डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं पाण्यातलं कासव. ते मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. ते भारतीय नसल्यामुळे देशी कासवांवरची बंदी त्याला लागू होत नाही. पुढची सगळी माहिती याच कासवाची आहे.

हे दोन इंचांचं पिल्लू तेवढंच राहत नाही. मादी १० ते १२ इंचांपर्यंत वाढते, नर थोडा लहान राहतो. नीट सांभाळलं तर २०-३० वर्षं सहज जगतं. म्हणजे आज पाचवीत असलेल्या पोरासाठी आणलेलं कासव त्याच्या लग्नातही असेल. टाकीचा साधा हिशोब असा की पाठीच्या प्रत्येक इंचामागे साधारण ४० लिटर पाणी. पिल्लासाठीसुद्धा ८०-१०० लिटरची टाकी लागते, बाऊल नाही. पाण्याची खोली पाठीच्या लांबीच्या दीड-दोन पट तरी हवी, म्हणजे उलटं झालं तर त्याला सरळ होता येतं. फिल्टर माशांच्या टाकीपेक्षा दणकट घ्या, कारण कासव माशांपेक्षा कितीतरी जास्त घाण करतं. नळाचं पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठी आदल्या दिवशी भरून ठेवा.

दुकानदार हमखास विसरतो ती गोष्ट म्हणजे कोरडी जागा आणि ऊन. या कासवाला रोज पाण्याबाहेर येऊन पूर्ण कोरडं व्हायचं असतं, अंग तापवायचं असतं. त्यासाठी टाकीत चढता येईल असा दगड किंवा फळी हवी. तिथे ३० अंशांच्या वर ऊब हवी आणि 'यूव्हीबी' किरणं हवीत. ही किरणं नसतील तर शरीरात 'ड' जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि पाठ मऊ पडते. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन उपयोगाचं नाही, कारण काच ही किरणं जवळपास सगळी अडवते. एकतर यूव्हीबीचा दिवा लावा, नाहीतर गॅलरीत सकाळचं थेट ऊन द्या. मात्र अर्धी सावली हवीच. मे महिन्यात काचेची टाकी उन्हात ठेवून विसरलात तर आतलं कासव अक्षरशः उकडून मरतं. पुणे-नाशिक-विदर्भाकडे थंडीत पाणी गार पडलं की ते खाणं सोडतं, तेव्हा हीटर लावून पाणी २५ अंशांच्या आसपास ठेवा. मुंबई-कोकणात ही कटकट कमी.

आता खाणं. नुसती वाळवलेली कोळंबी म्हणजे माणसाने रोज फरसाणावर जगण्यासारखं आहे. कासवांसाठी मिळणारे चांगले पेलेट्स, अधूनमधून गांडूळ आणि जोडीला लेट्यूस, किसलेलं गाजर, लाल भोपळा द्या. लहानपणी ते जास्त मांसाहारी असतं, वय वाढेल तसा पाला वाढवा. पालक वारंवार देऊ नका, तो कॅल्शियम अडवतो. पोळी, भात, ब्रेड अजिबात नको. समुद्रफेसाचा तुकडा पाण्यात टाकला तर ते कुरतडतं आणि कॅल्शियम मिळतं. एका वेळचं खाणं त्याच्या डोक्याएवढं पुरे. पिल्लाला रोज, मोठ्याला एक दिवसाआड. खायला पाण्यातच द्या, कारण पाण्याबाहेर त्याला गिळता येत नाही.

डोळे सुजणं, नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास घेणं, एका बाजूला कलून पोहणं यातलं काहीही दिसलं तर कासवं तपासणारा पशुवैद्य शोधा. प्रत्येक कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरला हे जमतंच असं नाही, म्हणून आजारी पडण्याआधीच नंबर मिळवून ठेवा. पाठीवर तेल चोळण्याचे व्हिडिओ फिरतात, ते करू नका.

हात लावल्यावर साबणाने हात धुवा आणि टाकी किचनच्या सिंकमध्ये घासू नका. कासवांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेने १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी घातली. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर हे कासव न आणलेलंच बरं.

आणि सांभाळणं जमलं नाही तर? बहुतेक लोक जवळच्या तळ्यात सोडून 'मोकळं केलं' म्हणतात. पण हे कासव जगातल्या सर्वात घातक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. आपल्या देशी कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा ते बळकावतं. युरोपियन युनियनने १९९७ मध्येच त्याची आयात थांबवली. त्यामुळे तळं, विहीर, देवळाचं कुंड, कुठेही सोडायचं नाही. मोठी टाकी असलेला कुणी ओळखीचा शोधा किंवा तुमच्या शहरातल्या प्राणी बचाव संस्थेला विचारा. तिथे जागा होईपर्यंत फिल्टर, दिवा आणि दगड तुमच्याकडेच चालू ठेवा.